मुलांच्या खेळासाठी पालकांचं संमतिपत्र: काय लिहावं, सही कोणाची घ्यावी, कुठे चुकतं

एप्रिल लागला की बेळगावच्या गल्ल्यांपासून खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या खेड्यांपर्यंत उन्हाळी शिबिरं, हाफ पीच क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि कुस्तीचे वर्ग सुरू होतात. बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या फॉर्मच्या तळाशी एकच वाक्य छापलेलं असतं: ‘माझ्या पाल्यास दुखापत अथवा काही बरेवाईट झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.’ खाली पालकाची सही. मंडळाला वाटतं, आपण मोकळे झालो. पालकांना वाटतं, आता आपल्याला बोलायचा हक्क उरला नाही.

दोघांचाही समज चुकीचा आहे. त्या एका वाक्यावर भिस्त ठेवल्यामुळे कागदावर खरोखर असायला हवं ते राहून जातं. मुलाला दमा आहे का? फोन कोणाला लावायचा? दवाखान्यात न्यायची परवानगी आहे का? संध्याकाळी मुलाला घरी कोण नेणार? अपघाताच्या वेळी हीच माहिती लागते आणि नेमकी तीच कोणाकडे नसते.

खालचे टप्पे युवक मंडळं, तालमी, गल्लीतली पंच मंडळी आणि शिबिर घेणारे शिक्षक यांच्यासाठी आहेत. क्रम मोडू नका. आधी फॉर्म छापायचा आणि मग मैदान बघायचं, ही उलटी पद्धत निम्म्या चुकांचं मूळ आहे.

## टप्पा १: हा कागद काय करू शकतो ते आधी समजून घ्या

१८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने करारच ठरत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ हेच सांगतं आणि १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय) ते पक्कं केलं. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूची स्वतःची सही घेऊन काहीच साधत नाही.

मग पालकाने मुलाच्या वतीने हक्क सोडला तर? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, याचं कलम ८ म्हणतं की नैसर्गिक पालकाला अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालच्या) मुलाला वैयक्तिक कराराने बांधता येत नाही. हा कायदा लिंगायत, जैन, बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांत पालकत्वाचे नियम वेगळे आहेत, पण करार कायदा सगळ्यांना सारखाच. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २८ नुसार, कोर्टात जायचा रस्ताच बंद करणारी अट रद्दबातल ठरते.

फौजदारी बाजू तर कोणत्याही खासगी कागदाच्या बाहेरच आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्या बेपर्वाईसाठी कलम १२५ आहे. पालकांनी सही केली होती म्हणून पोलीस फाइल बंद करत नाहीत.

१९९५ मध्ये पंजाबात एका शाळेच्या सहलीत १४ मुलं बियास नदीत बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली. मुलं ज्यांच्या ताब्यात असतात, त्यांच्याकडून किती काळजीची अपेक्षा असते हे त्या निकालातून दिसतं. आपल्याकडे मलप्रभेवर किंवा मार्कंडेयावर मुलांना पोहायला नेणाऱ्यांनी तो निकाल डोळ्यांसमोर ठेवावा.

मग कागद निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. खेळात जो धोका अंगभूत असतो, तो पालकांना सांगितला होता आणि त्यांनी समजून घेऊन मुलाला पाठवलं, याचा हा पुरावा आहे. कबड्डीत पकड करताना गुडघा सोलवटला, क्रिकेटमध्ये झेल घेताना बोट मोडलं, हे खेळाचे धोके. मैदानावर बाटल्यांच्या काचा तशाच पडलेल्या होत्या, गोलपोस्ट नीट रोवलेला नव्हता, आठ वर्षांच्या पोराला चौदा वर्षांच्या पोराशी लढत लावली, हा निष्काळजीपणा. पहिल्यासाठी संमती घेता येते, दुसऱ्यासाठी नाही.

इशारा: स्टॅम्प पेपरवर आणि नोटरीपुढे करून घेतलं म्हणून बेकायदा अट कायदेशीर होत नाही. तो पैसा प्रथमोपचाराच्या पेटीवर खर्च करा.

इशारा: शिबिराला फी घेत असाल तर ती ग्राहक कायद्याखाली ‘सेवा’ ठरू शकते आणि पालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींवर तिथे विसंबू नका.

## टप्पा २: मैदानावर उभं राहून धोक्यांची यादी करा

ही यादी कार्यालयात बसून होत नाही. ज्या वेळेला मुलं खेळणार, त्याच वेळेला मैदानावर जा. सकाळी सात वाजता छान दिसणारं मैदान दुपारी तीनला तव्यासारखं तापतं. रात्रीच्या कबड्डीत ऐन कोपऱ्यावर अंधार असतो, तो दिवसा दिसत नाही. वहीत तीन रकाने आखा: धोका काय, तो कमी करायला आम्ही काय करणार, आणि एवढं करूनही काय उरतं. तिसऱ्या रकान्यात जे उरेल तेच संमतिपत्रात जाणार आहे.

कुस्ती. हौद्यातली माती रोज उकरून, खडे वेचून मऊ केलेली हवी. जोड लावताना फक्त वय बघू नका, वजनकाटा ठेवा. अंगावर नायटा किंवा उघडी जखम असलेल्या पोराला माती लावू नका, एकाचा नायटा आठवड्यात साऱ्या तालमीत फिरतो. मानेवर पडणं हा खरा मोठा धोका आहे. तो पालकांना स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवा, मग वस्ताद कितीही जाणता असो.

कबड्डी, खो-खो. खो-खोचे खांब गुळगुळीत हवेत, खिळा वर आलेला नको. रात्रीचे सामने असतील तर हेस्कॉमकडून (आपल्या भागातली वीज कंपनी) तात्पुरती वीजजोडणी रीतसर घ्या. खांबावर आकडा टाकून दिवे लावणं आणि ओल्या मैदानात उघड्या वायरी पसरणं यासाठी कोणत्याही पालकाची संमती चालत नाही.

क्रिकेट. टेनिस बॉल की सीझन बॉल (चामड्याचा कडक चेंडू), हे फॉर्मवर लिहा. सीझन बॉल असेल तर हेल्मेट, पॅड, गार्ड नसलेल्या मुलाला फलंदाजीला उभं करू नका. पालकांना टेनिस बॉल सांगून प्रत्यक्षात सीझन बॉलने खेळवलं, तर ती संमती त्या खेळासाठी नव्हतीच.

पोहणं. खेड्यात अजूनही विहिरीत पोहायला शिकवतात. पाठीला भोपळा किंवा डबा बांधतात, काठावर दोरी धरून एकजण उभा असतो. एका वेळी पाण्यात किती मुलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे मोठे किती, हा आकडा आधी ठरवा आणि फॉर्मवर लिहा. मुलं जास्त आली तर तुकड्या करा. ‘शेजारच्या गल्लीतलीही चार आहेत, घ्या सांभाळून’ असं होता कामा नये.

हवामान. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो आणि सोबत विजा. ढग गडगडला की खेळ थांबवून मुलांना पक्क्या इमारतीत न्या, झाडाखाली नको, पत्र्याच्या शेडमध्येही नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मगच परत मैदानावर. हा नियम शिबिर सुरू होण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर फायनल रंगात आलेली असताना खेळ थांबवायची कोणाची हिंमत होत नाही.

तपासा: मैदान शाळेचं, ग्रामपंचायतीचं की महापालिकेचं? मुख्याध्यापक, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) किंवा संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी फाइलमध्ये लागलेली आहे का?

तपासा: प्रशिक्षकाबद्दल तुम्ही चौकशी केली आहे का? लैंगिक गैरवर्तनाची तक्रार कानावर आली तर पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते ‘गल्लीत मिटवता’ येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मैदानावर लावून ठेवा.

## टप्पा ३: मजकूर लिहा

टप्पा २ ची वही समोर ठेवूनच लिहायला बसा. दुसऱ्या मंडळाचा फॉर्म आणून नाव बदलू नका. कुस्तीच्या फॉर्मवर ‘चेंडू लागून होणारी इजा’ असं छापलेलं असलं, की तो कोणी वाचला नव्हता हे पहिल्याच नजरेत कळतं.

एक खेळ, एक शिबिर, एक फॉर्म. ‘मंडळाच्या सर्व उपक्रमांसाठी वर्षभर’ अशी सरसकट संमती घेऊ नका. बाहेरगावी सामन्याला न्यायचं असेल तर वेगळा फॉर्म, त्यात वाहन कोणतं, चालक कोण, निघायची आणि परतायची वेळ काय, हे सगळं. टेम्पोच्या हौद्यात पोरांना उभं करून नेण्याची पद्धत पूर्णपणे बंद करा.

मुख्य मजकूर असा ठेवता येईल:

> मी, ____________, कु./चि. ____________ (जन्मतारीख __________) हिची/याची आई / वडील / न्यायालयाने नेमलेला पालक आहे. ____________ मंडळाचे ____________ खेळाचे शिबिर दि. ______ ते दि. ______ या काळात, रोज ____ ते ____ या वेळेत, ____________ येथे होणार असून प्रशिक्षक ____________ आहेत, ही माहिती मला देण्यात आली आहे.
>
> या खेळात योग्य काळजी घेऊनही पुढील प्रकारची इजा होऊ शकते, हे मला समजावून सांगितले आहे: (वहीतल्या तिसऱ्या रकान्यातली यादी).
>
> मैदान खेळण्यायोग्य ठेवणे, खेळ सुरू असताना जबाबदार प्रौढ व्यक्ती हजर ठेवणे, आवश्यक साहित्य व प्रथमोपचाराची सोय करणे ही मंडळाची जबाबदारी आहे.
>
> अपघात झाल्यास माझ्या पाल्यावर प्रथमोपचार करण्यास व त्यास जवळच्या रुग्णालयात नेण्यास माझी संमती आहे. मला तत्काळ कळवावे. माझ्याशी संपर्क होईपर्यंत जीव वाचवण्यासाठी आवश्यक उपचार थांबवू नयेत.
>
> या संमतीमुळे निष्काळजीपणाबद्दल दाद मागण्याचा माझा अथवा माझ्या पाल्याचा हक्क कमी होत नाही. ही संमती मी केव्हाही लेखी कळवून मागे घेऊ शकतो/शकते.

शेवटचा परिच्छेद बघून कमिटीतले निम्मे लोक दचकतात. ‘आपणच आपल्या हाताने हे कशाला लिहून द्यायचं?’ असं विचारतात. माझं मत ठाम आहे की तो ठेवावा. हक्क कायद्याने तसाही राहणारच आहे, लिहिल्याने तुमचं काही जात नाही. उलट पालकांचा विश्वास बसतो आणि ते मुलाचं दुखणं लपवत नाहीत. ‘आम्ही जबाबदार नाही’ असं वाचल्यावर आई हात आखडता घेते. पोराला लहानपणी फिट यायची हे सांगितलं तर घेणार नाहीत, असं तिला वाटतं.

मागच्या पानावर आरोग्याची माहिती. ‘काही आजार आहे का?’ असा एकच प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर ठरलेलं असतं: नाही. एकेक विचारा. धावताना दम लागतो का, छातीत घरघर होते का? इनहेलर आहे का, तो मुलाच्या पिशवीत असतो का? कधी फिट आली होती का? खेळताना चक्कर येऊन पडला होता का? घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का? कुठलं औषध किंवा इंजेक्शन सोसत नाही? आधी हाड मोडलं होतं का, कुठलं? चष्मा? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी? रक्तगट लिहून घ्यायला हरकत नाही, पण रुग्णालय तो पुन्हा तपासतंच.

त्याच पानावर तीन फोन क्रमांक: आई, वडील आणि जवळ राहणारं कोणीतरी. मुलाला घरी नेणाऱ्या माणसाचं नाव. मूल एकटं घरी जाणार असेल तर तसं पालकांच्या अक्षरात. घरात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचं कार्ड असल्यास त्याचीही नोंद. बीपीएल कुटुंबाला या योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, बाकीच्यांना खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. कार्ड घरी कपाटात आणि पोरगं रुग्णालयात, अशी धावपळ होते तेव्हा ही नोंद कामी येते.

फोटोंची परवानगी वेगळ्या चौकटीत, ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी खूण करायला. फोटो नको म्हटलं म्हणून मुलाला खेळातून वगळू नका. मुलांची माहिती मोबाइलवर किंवा संगणकावर गोळा करणार असाल तर पालकांची संमती घ्याच, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. आधारची झेरॉक्स गोळा करत बसू नका. वयोगटासाठी जन्मदाखला बघा, तारीख लिहून घ्या, दाखला परत द्या.

तपासा: विमा घेतला आहे का? थोड्या दिवसांसाठी समूह वैयक्तिक अपघात विमा मिळतो. पण मूळ पॉलिसी बहुधा मृत्यू आणि अपंगत्वापुरती असते. हात मोडल्याचा दवाखान्याचा खर्च त्यात येतो का, हे एजंटला लेखी विचारा. जे नाही ते पालकांना सांगा.

## टप्पा ४: सही नेमकी कोणाची?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात आणि त्याला आपल्या भागातली परिस्थितीही कारण आहे. वडील पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात नोकरीला, कोणाचे सैन्यात. मुलं आजी-आजोबांकडे. सुटीत चंदगड, गडहिंग्लज, कागलकडची भाचरं मामाच्या गावाला आलेली. फॉर्म मिळाला की घरात जो हाताशी असेल तो सही करतो.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाची सही पुरते. वडील हयात असले तरी आईची सही चालते. मुलाचा सांभाळ प्रत्यक्ष आई करत असेल तर ती नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात मान्य केलं आहे. ‘वडिलांचीच पाहिजे’ म्हणून आईला परत पाठवू नका. दोघं गावातच असतील तर दोघांची घ्या, ते उत्तम.

आई-वडील वेगळे राहत असतील तर मुलाचा ताबा कोणाकडे आहे ते विचारा, कोर्टाचा आदेश असेल तर त्याप्रमाणे चला. कुजबुजीवर जाऊ नका.

आजोबा, मामा, काकू, मोठा भाऊ यांची सही पालकाची सही होत नाही. दोघंही बाहेरगावी असतील तर असं करा: फॉर्मचे फोटो आईला किंवा वडिलांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. त्यांनी प्रिंट काढून, भरून, सही करून त्याचा फोटो स्वतःच्या क्रमांकावरून परत पाठवावा आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात की शिबिराच्या काळात मूल अमुक मामांकडे आहे, दवाखान्याचे तातडीचे निर्णय ते घेऊ शकतील. मग एक फोन करून खात्री करा. मूळ कागद पोस्टाने किंवा गावी येणाऱ्याबरोबर मागवा. मामाची सही ‘स्थानिक संपर्क’ म्हणून वेगळ्या रकान्यात. मोबाइलवरचा तो संदेश पुसू नका.

शाळेतले शिक्षक वर्गातल्या सगळ्यांच्या वतीने संमती देऊ शकत नाहीत. एकाच तक्त्यावर चाळीस नावं आणि समोर चाळीस सह्या, हाही प्रकार नको. त्यात एकाही पालकाने धोक्यांची यादी वाचल्याचं दिसत नाही आणि प्रत्येकाच्या पोराचा आजार दुसऱ्याला वाचायला मिळतो.

मुलाला विचारायचं राहू नये. त्याची सही कायद्याने बांधत नाही, पण त्याला खेळायचंय का आणि त्याला नियम कळलेत का, हे त्याच्याकडूनच कळतं. बापाच्या हट्टापायी हौद्यात उतरलेलं पोर घाबरून अंग आखडतं आणि तेच जायबंदी होतं.

## टप्पा ५: समजावून सांगा, मगच सही घ्या

मुलाच्या हाती फॉर्म पाठवून ‘उद्या सही आण’ म्हणू नका. काहीजण स्वतःच सही ठोकतात. शिबिराच्या चार-पाच दिवस आधी पालकांची बैठक बोलवा. रविवारी सकाळी देवळात किंवा समाज मंदिरात अर्धा तास पुरतो. शेतावर जाणाऱ्या आयांसाठी सातनंतर दुसरी वेळ ठेवा.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा. ज्या पालकाला जी भाषा वाचता येते त्या भाषेतला फॉर्म द्या. बहुतेकांना मराठी, काहींना कन्नड, काहींना उर्दू. मराठी बोलणाऱ्या घरातलंही कन्नड माध्यमात शिकलेलं माणूस मराठी फॉर्म अडखळत वाचतं. तेव्हा विचारा, गृहीत धरू नका. इंग्रजी फॉर्म भारदस्त दिसतो म्हणून वापरू नका. आणि पोलीस ठाणं, सरकारी रुग्णालय, तालुका कार्यालय यांचं कामकाज कन्नडमध्ये चालत असल्यामुळे मजकुराचं कन्नड भाषांतर एका जाणकाराकडून करून फाइलमध्ये ठेवा. दोन्ही मजकुरांचा अर्थ तंतोतंत एकच हवा.

वाचता येत नसेल तर पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि अंगठ्याच्या बाजूला लिहा: ‘वरील मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला म्हणून अंगठा दिला.’ खाली वाचणाऱ्याची सही आणि कमिटीबाहेरच्या एका साक्षीदाराची.

तपासा: सही झाल्यावर पालकाला विचारा, ‘या खेळात काय काय होऊ शकतं, जरा सांगा बघू.’ एक-दोन गोष्टी सांगता आल्या की काम झालं.

तपासा: एक प्रत पालकाला दिली का? ही हटकून राहते.

## टप्पा ६: मैदानावर फॉर्म नेण्याची व्यवस्था

सगळं नीट करूनही फाइल सेक्रेटरीच्या घरी कुलपात राहिली तर त्याचा उपयोग शून्य. मूळ फॉर्म कार्यालयात ठेवा, पण मैदानावर रोज एक पान हवंच: मुलाचं नाव, तीन फोन क्रमांक, आजार किंवा अॅलर्जी असल्यास एका ओळीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रथमोपचाराच्या पेटीत. ते प्रशिक्षक आणि पेटी सांभाळणारा, या दोघांनीच बघायचं.

ज्याचा फॉर्म नाही तो खेळणार नाही. हा नियम पहिल्याच दिवशी पाळला तर पाळला जातो. एक गडी कमी पडतोय म्हणून प्रेक्षकांतला पोरगा आत घेतात, त्याची ना माहिती ना संमती, आणि अपघाताला नेमका तोच सापडतो.

रोज मैदान तपासल्याची वहीत एक ओळ आणि सही: काचा, खड्डे, वायर, पिण्याचं पाणी, पेटी. दोन मिनिटांचं काम आहे. पुढे कधी प्रश्न निघाला तर ही वही कोणत्याही हमीपत्रापेक्षा तुमच्या बाजूने जास्त बोलेल, कारण काळजी घेतल्याचा तोच पुरावा आहे.

## टप्पा ७: इजा झाली तर

क्रम असा ठेवा.

१. खेळ थांबवा, बाकीच्या मुलांना एका मोठ्या माणसाने बाजूला न्यावं. गराडा नको.

२. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातपाय बधिर वाटत असतील तर हलवू नका. उचलून बसवणं, मान सरळ करणं, पाणी पाजणं, काही नको. १०८ ला (रुग्णवाहिका) फोन.

३. डोक्याला मार लागला असेल तर मूल ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. घरी सोडताना हे सगळं पालकांना सांगा आणि पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवायला सांगा.

४. हाड मोडल्याचा संशय असेल तर आहे त्या स्थितीत आधार द्या. चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाड बसवणाऱ्याकडे आधी न्यायचं नाही. एक्स-रे पहिला.

५. उन्हात कोसळलेलं मूल बरळत असेल, अंग तापलेलं असेल तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयाकडे निघा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

६. पालकांना फोन प्रशिक्षकाने किंवा अध्यक्षाने स्वतः करावा. काय झालं, कुठे नेतोय, सोबत कोण आहे. एवढंच आणि खरं.

७. फॉर्मची प्रत घेऊन एक मोठा माणूस रुग्णालयात जाईल आणि पालक येईपर्यंत थांबेल.

‘आधी पोलीस केस करा, मग बघू’ असं म्हणून तातडीचा उपचार कोणतंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यापासून हे स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेसाठी मात्र डॉक्टर आई-वडिलांचीच संमती मागतील, तुमचा फॉर्म तिथे पुरणार नाही. म्हणून फोन लागणं इतकं महत्त्वाचं.

इशारा: रुग्णालयाने पोलिसांना कळवायचं ठरवलं तर अडवू नका. ‘घरी जिन्यावरून पडला म्हणून सांग’ असं पोराला पढवणं हा सर्वांत मोठा गुन्हा समजा. डॉक्टरांना खरं कारण कळलं नाही तर उपचारही चुकतात.

इशारा: रुग्णालयाच्या दारात, रडणाऱ्या आईपुढे ‘आमची तक्रार नाही’ असा कागद धरू नका. तशा अवस्थेत घेतलेल्या सहीला कायद्यात किंमत कमी आणि माणुसकीत तर काहीच नाही.

त्याच रात्री घटनेची नोंद लिहा: वेळ, जागा, कोण हजर होतं, काय केलं, किती वाजता फोन केला. पाहिलेल्या दोघांच्या सह्या. कारणांचे तर्क नकोत. पडलेली वस्तू, खड्डा, तुटलेलं साहित्य यांचे फोटो काढून ठेवा, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशी खेळ सुरू करू नका.

## सही करणाऱ्या पालकांसाठी

फॉर्मवर ‘जबाबदार राहणार नाही’ असंच वाक्य असेल आणि मुलाला तर खेळायचंय, मग काय करायचं? भांडू नका, पण कोरी जागा सोडून सही करू नका. त्या वाक्याशेजारी ‘खेळातील नेहमीच्या धोक्यापुरते मान्य’ असं हाताने लिहून सही करा, फोटो काढा. मंडळाने विचारलं नसलं तरी मुलाचा आजार मागच्या कोऱ्या पानावर लिहून द्या. मग तीन गोष्टी स्वतः बघा: मैदानावर मोठं माणूस कोण असतं, पेटी उघडून दाखवतात का, आणि अपघात झाला तर वाहन कोणाचं. या तीन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर सहीच करू नका.

## टप्पा ८: कागद किती काळ जपायचे

शिबिर संपलं की फॉर्म रद्दीत जातात, ते थांबवा. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजायला सुरुवात होते आणि त्यानंतर ती जास्तीत जास्त ३ वर्षं चालू शकते. म्हणून ज्या मुलाला इजा झाली, त्याचा फॉर्म, घटनेची नोंद, त्या दिवसाची मैदान तपासणीची वही आणि विम्याचे कागद तो २१ वर्षांचा होईपर्यंत ठेवा. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे अकरा वर्षं झालं. बाकीच्यांच्या आरोग्याच्या माहितीचं पान शिबिर संपल्यावर फाडून टाकलेलं बरं, फॉर्मचं पहिलं पान तेवढं राहू द्या.

दर गणेशोत्सवाआधी कमिटी बदलते. जुने सेक्रेटरी ही फाइल नव्यांना देताना आत काय काय आहे याची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या संमत्या पेन ड्राइव्हवर उतरवून त्याच फाइलला जोडाव्यात.